मागच्या सीटवरचा मालक

गाडीच्या माहितीपत्रकात सगळ्यांत ठळक अक्षरं ताकदीच्या आकड्यांना मिळतात. मर्सिडीज-बेंझची जीएलएस 450डी : 367 हॉर्सपॉवर, 750 न्यूटन-मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरचा वेग 6.1 सेकंदांत. बीएमडब्ल्यूची एक्स7 एक्सड्राइव्ह 40डी : 340 हॉर्सपॉवर, 700 न्यूटन-मीटर, 5.9 सेकंद. म्हणजे कागदावर कमी ताकदीची गाडी दोन दशांश सेकंदांनी पुढे. या दोन दशांशांवर मोटारवेडी पोरं रात्ररात्र वाद घालतात. पण ज्याच्या खिशातून सव्वा-दीड कोटी जाणार असतात त्याचा या वादाशी संबंध थोडाच. तो डाव्या बाजूला, मागच्या सीटवर बसलेला असतो. एका हातात फोन, मांडीवर साइटची फाइल, मान खाली. गाडीने शंभर कधी गाठले ते त्याला कळतही नाही. कळलंच तर फाइलमधले कागद घसरले म्हणून.

आपल्याकडे या किमतीच्या गाड्या बहुतांशी ड्रायव्हर चालवतो. तेव्हा या दोन गाड्यांची तुलना बॉनेटपासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती डिकीकडून करावी आणि एकेक रांग पुढे सरकत यावं. तसं केलं की माहितीपत्रकात न लिहिलेली एक गोष्ट हळूहळू दिसायला लागते, ती पुढे येईलच.

आधी थोडी कुळकथा. कंपन्या जर्मन असल्या तरी दोन्ही गाड्यांचं माहेर अमेरिका. जीएलएस अलाबामा राज्यात, टस्कलूसाजवळच्या कारखान्यात बनते. एक्स7 साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला. जीएलएसचा वंश 2006 सालच्या जीएल-क्लासपासून चालत आलेला. सध्याची पिढी 2019 साली आली, भारतात 2020च्या जूनमध्ये उतरली आणि 2024च्या जानेवारीत तिचा चेहरा बदलला. एक्स7 त्या मानाने नवी. बीएमडब्ल्यूने इतकी मोठी तीन रांगांची गाडी त्याआधी केली नव्हती. ती 2018च्या अखेरीस जगाला दाखवली, 2019च्या जुलैत भारतात आणली आणि 2023च्या जानेवारीत तिलाही नवा चेहरा मिळाला. हेडलाइट दोन मजल्यांत विभागलेला तो चेहरा पाहून माझ्या ओळखीतल्या एका आजींनी गाडीला झोप येते आहे का, असं विचारलं होतं. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

अमेरिकन उपनगरातला मालक गाडी स्वतः चालवतो, शेजारी बायको असते, मधल्या रांगेत मुलं आणि तिसऱ्या रांगेत मुलांचे मित्र. मागे कधी बोटीचा ट्रेलर जोडलेला. दोन्ही गाड्यांची आखणी या कुटुंबासाठी झाली. आपल्याकडे तीच गाडी चाकणला किंवा चेन्नईजवळ जुळवली जाते आणि तिच्यात बसायचा क्रम पार बदलतो. चालवतो पगारी ड्रायव्हर, त्याच्या शेजारी कधी बॉडीगार्ड तर कधी भाचा, मधल्या रांगेत साहेब आणि बाईसाहेब, आणि तिसऱ्या रांगेत ज्याला नाही म्हणता येत नाही तो.

तिसरी रांग ही आपल्याला नवी नाही. 1994 साली टाटांनी पुण्यात बनवलेली सुमो रस्त्यावर आली. तिच्या मागे समोरासमोर दोन बाक, मध्ये गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि सुट्टीत गावाला निघालेली अर्धी आळी त्यात. पुढे 2000 साली क्वालिस आली, 2005 साली इनोव्हा, आणि तिसऱ्या रांगेचं तोंड पुढच्या दिशेला वळलं. पण तिची प्रतिष्ठा वाढली नाही. तिथे पोरंटोरं, पिशव्या आणि नात्यात सर्वांत धाकटा जावई.

जीएलएसच्या बाबतीत मर्सिडीजने या समजुतीला आव्हान दिलं. तिसऱ्या रांगेत 1.94 मीटर उंचीपर्यंतचा माणूस बसू शकेल, असं कंपनी सांगते. म्हणजे सहा फूट चार इंच. असा माणूस आपल्या घरात क्वचितच असतो, त्यामुळे दावा तपासायला माणूस सापडणं अवघड. पाच फूट सात इंचाच्या मला मात्र डोक्यावर भरपूर जागा मिळाली आणि पायही कोंबावे लागले नाहीत. अडचण होते ती गुडघ्यांची. गाडीच्या मागच्या भागात धुरा, सस्पेन्शन, सायलेन्सर आणि बाकीची यंत्रणा एकावर एक बसवलेली असते, म्हणून तिथली जमीन पुढच्यापेक्षा उंच असते. सीट मात्र छताच्या मर्यादेमुळे त्याच प्रमाणात वर उचलता येत नाही. मग गुडघे कमरेच्या वर जातात, मांड्या सीटवरून सुटतात आणि शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. सुरुवातीला काही वाटत नाही. लोणावळा येईपर्यंत माणूस एकदा इकडे, एकदा तिकडे वजन टाकायला लागतो.

एक्स7मध्येही हाच प्रकार आहे, थोडा अधिक. अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या मोजमापांनुसार जीएलएसच्या तिसऱ्या रांगेत पायांना साडेचौतीस इंच, एक्स7मध्ये तेहतीसच्या थोडे वर. एवढ्याशा फरकाने रामायण घडत नाही, पण माझ्या उंचीला तो गुडघ्यावर जाणवतो. एक्स7ने याची भरपाई वेगळ्या मार्गाने केली आहे. तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर काचेचं स्वतंत्र छत, हवेचे झरोके, फोन लावायला जागा, पेला ठेवायला खाच. बसणाऱ्याला आपण सामानाबरोबर टाकले गेलो आहोत असं वाटू नये याची काळजी जाणवते. ताम्हिणीत पावसाळ्यात मागे बसून वर पाहिलं तर मजा येते, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण नागपूरला जायचं असेल तर छताकडे किती वेळ बघणार?

आणि सामान? सातही सीटा उभ्या असताना जीएलएसच्या डिकीत 355 लिटर जागा उरते, एक्स7च्या डिकीत 300च्या आसपास. मारुती स्विफ्टची डिकी 265 लिटरची आहे. म्हणजे सव्वापाच मीटर लांबीच्या गाडीत सात माणसं बसवली की सामानाला स्विफ्टपेक्षा थोडीच जास्त जागा. गणपतीला कोकणात निघालेल्या घराला हे ताबडतोब कळतं. मखर, मोदकपात्र, सात माणसांच्या बॅगा आणि परतीच्या वाटेवरचे नारळ यांपैकी काहीतरी एसटीने पाठवावं लागेल. तिसरी रांग पाडली की मात्र दोन्ही गाड्या गोदामासारख्या होतात. दोन्हींत ही रांग बटण दाबून, मोटारीच्या आवाजात सावकाश आडवी होते. एक्स7चं मागचं दार दोन फळ्यांत उघडतं : वरची वर, खालची खाली. खालची फळी बसायला उत्तम आहे. गाडी कुठेतरी पठारावर लावून चहा प्यायचा असेल तर या एका गोष्टीसाठी मी एक्स7 निवडीन. पण जड बॅग आत ढकलताना हीच फळी मध्ये येते आणि पोट तिला घासतं.

आता मधली रांग. दीड कोटींचा खरा हिशोब इथे.

जीएलएसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 3135 मिलिमीटर, एक्स7चं 3105. तीन सेंटिमीटरचा फरक. एकूण लांबी जीएलएसची 5207, नव्या एक्स7ची 5181. कागदावर दोघी जुळ्या बहिणी. पण अमेरिकेतल्याच मोजमापात मधल्या रांगेच्या पायांना जीएलएसमध्ये जवळपास 42 इंच मिळतात आणि एक्स7मध्ये साडेसदतीसच्या आसपास. तीन सेंटिमीटर व्हीलबेसमधून चार-सव्वाचार इंच कुठून आले?

त्यासाठी हे मोजमाप कसं घेतात ते माहीत हवं. माणसाच्या आकाराचा, ठरलेल्या वजनाचा एक सांगाडा सीटवर बसवतात. त्याच्या खुब्याचा सांधा जिथे येतो तो बिंदू पकडतात, तिथून घोट्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि त्यात 254 मिलिमीटर मिळवतात. ही मिळवणी पावलासाठी. म्हणजे पायांची जागा म्हणून छापलेला आकडा हा गुडघा आणि समोरच्या सीटची पाठ यांच्यामधली फट दाखवत नाही. सीट किती उंच आहे, पुढची सीट कुठे सरकवली आहे, मधली रांग पुढेमागे सरकत असेल तर ती कोणत्या जागी ठेवून मोजली, यावर हा आकडा वरखाली होतो. मधली रांग मागे ओढून मोजली की तिचा आकडा फुगतो आणि तेवढीच जागा तिसऱ्या रांगेची जाते. एकूण कापड तेवढंच असतं, शर्टाला जास्त घेतलं की पॅन्ट आखूड होणार.

तरीही जीएलएसची मधली रांग प्रत्यक्षात मोठी आहे, यात शंका नाही. आधीच्या पिढीपेक्षा व्हीलबेस 60 मिलिमीटरने वाढवताना मधल्या रांगेत पायांना जास्तीत जास्त 87 मिलिमीटर अधिक मिळतील अशी मांडणी कंपनीने केली, म्हणजे वाढवलेल्या जागेपेक्षाही जास्त. ही रांग विजेवर 10 सेंटिमीटर मागेपुढे सरकते. आपल्याकडे ती तीन माणसांच्या सलग बाकाच्या रूपात मिळते. बाक रुंद, मऊ, पाठ कलती करता येते आणि मांडी घालून बसता येतं. हे शेवटचं कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला लांबच्या प्रवासात ते हवंच असतं. चप्पल काढायची, एक पाय वर घ्यायचा, शेंगदाण्याची पुडी उघडायची. बाकावर ते जमतं, खुर्चीवर जमत नाही.

एक्स7मध्ये मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या घेता येतात, ज्यांना बाजारात कॅप्टन सीट म्हणतात. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, मध्ये तिसऱ्या रांगेकडे जायला बोळ. बसल्या क्षणी एक्स7ची खुर्ची जास्त छान वाटते. पाठीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, घाटात वळणावर शेजारच्याच्या अंगावर झुकावं लागत नाही. ज्याला ताठ बसून लॅपटॉपवर काम करायचं आहे त्याच्यासाठी हीच बरी. मात्र मांडीखालचा आधार मला थोडा आखूड वाटला आणि पाय लांबवायला गेलो की पुढच्या सीटचा मागचा भाग फार लवकर भेटला. थोडक्यात, एक्स7 तुम्हाला नीट बसवते, जीएलएस तुम्हाला लोळू देते. आपल्या रस्त्यांवर चार तास काढायचे तर मला लोळणं पसंत आहे.

चढण्या-उतरण्याचाही विचार इथेच करायला हवा, कारण ज्येष्ठांच्या गुडघ्यांची परीक्षा आत बसल्यावर नव्हे, दारात होते. सेडानमध्ये खाली पडावं लागतं, मोठ्या जीपमध्ये वर चढावं लागतं. या दोन्ही गाड्या मधल्या उंचीच्या नाहीत, उंचच आहेत. दोघींना हवेचं सस्पेन्शन असल्यामुळे थांबल्यावर त्या खाली बसू शकतात; एक्स7 नेहमीच्या पातळीपासून 40 मिलिमीटर वर किंवा खाली होते. चाळीस मिलिमीटर म्हणजे दीड इंच. नऊवारीतल्या आजींना दीड इंचाने फारसा फरक पडत नाही. त्यांना लागतो दाराच्या वर भक्कम दांडा, खाली कोरडी पायरी आणि ड्रायव्हरने पुढे केलेला हात. पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या हातात आहेत.

मधल्या रांगेतून पुढे सरकलं की ती न लिहिलेली गोष्ट समोर येते. दोन्ही गाड्यांतली सर्वांत चांगली सीट ड्रायव्हरची आहे. तिच्या बैठकीची, पाठीची, कमरेच्या आधाराची सर्वांत जास्त हालचाल करता येते. ठरवलेली स्थिती लक्षात ठेवायची सोय तिला, समोरचा मोकळा रस्ता तिला. एक्स7मध्ये तर हे ढळढळीत दिसतं. 12.3 आणि 14.9 इंचांचे दोन पडदे एका वक्र काचेत बसवून चालवणाऱ्याकडे वळवलेले आहेत, स्टिअरिंग हातात घेतलं की अडीच टनांच्या आसपासची गाडी एकदम हलकी होते. बीएमडब्ल्यू पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्यासाठी गाड्या बनवत आली आहे आणि एवढी अवाढव्य गाडी बनवतानाही तिला ते विसरता आलेलं नाही. स्वतः चालवणाऱ्यासाठी एक्स7 ही निर्विवाद निवड. जीएलएस चालवताना कुणीतरी आपल्याला सोफ्यावर बसवून सोफ्याला चाकं लावली आहेत असं वाटतं. वाईट नाही, पण चालवण्याची हौस असणाऱ्याला त्यात काही सापडत नाही.

म्हणजे सव्वा-दीड कोटी भरणारा मालक दुसऱ्या क्रमांकाच्या सीटवर बसतो आणि पहिल्या क्रमांकाची सीट महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याला मिळते. मला हे वाईट वाटत नाही. लग्नाच्या हॉलबाहेर, विमानतळाच्या पार्किंगमध्ये, रुग्णालयाच्या आवारात तासन्‌तास वाट बघणारा तोच असतो. पण गाडी घेताना मालकाला हे माहीत असावं, एवढंच.

मर्सिडीजला हे माहीत आहे. म्हणून तिने याच जीएलएसची मायबाख आवृत्ती काढली. 2021 साली भारतात तिची सुरुवातीची किंमत 2.43 कोटी होती. गंमत अशी की मायबाखचा व्हीलबेसही 3135 मिलिमीटरच आहे. गाडी एका मिलिमीटरने ताणलेली नाही. फक्त तिसरी रांग काढून टाकली आणि ती जागा मागे बसणाऱ्याला दिली. आरामासाठी मुख्यतः जागा लागते, आणि जागा हवी असेल तर कुणाला तरी गाडीतून उतरवावं लागतं.

सीटची तुलना शोरूममध्ये थांबून करता येत नाही, कारण सीटचं अर्धं काम चाकांखाली चालतं. माणसाचं शरीर सगळे हादरे सारखे सोसत नाही. उभ्या दिशेने सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा बसणारे हादरे त्याला सर्वांत जास्त छळतात. पोटातले अवयव आणि पाठीचा कणा याच गतीला साथ देतात. म्हणून चांगलं सस्पेन्शन गाडीचं धड सेकंदाला एकदा-सव्वा वेळा, सावकाश हलेल असं ठेवतं. हवेचं सस्पेन्शन हे काम पोलादी स्प्रिंगपेक्षा सहज करतं आणि गाडीत दोन माणसं असोत की सात, उंची तीच राखतं. पण फारच सावकाश हेलकावे वेगळं दुखणं आणतात. पाच-सहा सेकंदांत एकदा अशा गतीने शरीर झुलत राहिलं की मळमळायला लागतं. बोटीत होतं ते हेच.

या दोन टोकांमध्ये दोन्ही गाड्यांनी आपापली जागा निवडली आहे. जीएलएस मऊ बाजूला. खराब डांबर, बुजवलेले खड्डे, रुंद आणि नीट बांधलेला गतिरोधक यांवरून ती जाते तेव्हा मधल्या रांगेत फक्त काहीतरी झालं एवढंच कळतं. एक्स7 थोडी ताठ. पहिला धक्का जास्त कळतो, पण त्यानंतर गाडी लगेच शांत होते, हलत राहत नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सरळ पट्ट्यात जीएलएस वरचढ. खंडाळ्याच्या घाटात मात्र चित्र पालटतं. तिथे वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे, ती पाळली तरी वळणावर जीएलएसचं धड थोडं झुकतं आणि मागे फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाचं पोट ते ओळखतं. घरात कुणाला गाडी लागत असेल तर हा मुद्दा पायांच्या इंचांपेक्षा मोठा आहे, आणि इथे एक्स7ला गुण द्यावे लागतात.

समृद्धी महामार्गाची गोष्ट निराळी. 701 किलोमीटरचा हा रस्ता 2025च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. काँक्रीटचा, सरळसोट, आणि सपाट पट्ट्यात ताशी 120ची मर्यादा. तिथे खड्डे नाहीत, तिथे आवाज आहे. काँक्रीटवर टायरचा एकसुरी गुंजारव तासन्‌तास चालतो आणि थकवा तोच आणतो. दोन्ही गाड्या तो बऱ्यापैकी बाहेर ठेवतात. मला जीएलएसची मधली रांग किंचित जास्त शांत वाटली. तिसऱ्या रांगेत दोन्हीकडे सारखीच बोंब, कारण तिथे तुम्ही मागच्या चाकांच्या कमानीला टेकून बसलेले असता. हादरेही तिथेच सर्वांत जास्त.

एक तक्रार दोघींबद्दल. दोन्हींना 21 इंची चाकं आहेत. रिम मोठी झाली की टायरची भिंत पातळ होते आणि हवेची गादी कमी होते. गाडी शोरूममध्ये देखणी दिसते, रस्त्यावर तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात धाडकन आवाज येतो. महागडं सस्पेन्शन जे कमावतं त्यातलं थोडं ही चाकं घालवतात. दोन इंच लहान रिम लावली तर मागे बसणारा दुवा देईल, पण फोटो बिघडेल, म्हणून कुणी लावत नाही.

इंजिनाबद्दल दोनच वाक्यं. दोघींची डिझेल इंजिनं तीन लिटरची, सहा सिलिंडर एका ओळीत, आणि या रचनेत पिस्टनांचे झटके एकमेकांना कापून टाकतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याला डिझेलची थरथर लागत नाही. पहिल्या परिच्छेदातला दोन दशांश सेकंदांचा वाद इथे संपला असं समजा.

पैशांचा भाग. 2024च्या जानेवारीत नव्या जीएलएस 450डीची एक्स-शोरूम किंमत 1.37 कोटी होती, त्याच्या वर्षभर आधी आलेल्या एक्स7 40डीची सुरुवातीची किंमत 1.245 कोटी. 22 सप्टेंबर 2025पासून या वर्गावरचा 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के उपकर जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी आला, त्यामुळे किमती खाली आल्या. ताजा आकडा वितरकाकडूनच घ्यावा. पण महाराष्ट्रात खरा चटका त्यापुढे आहे. वैयक्तिक नावावर घेतलेल्या वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के एकरकमी रस्ता कर लागतो. 1.37 कोटींवर तो होतो साडेवीस लाख. रस्त्याचा कर म्हणून आपण एक चांगली इनोव्हा सरकारला देतो आणि मग त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी हवेचं सस्पेन्शन घेतो.

सोसायटीतही एक हिशोब करून ठेवावा. पार्किंगची जागा साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेली असते. दोन्ही गाड्या पाच मीटरपेक्षा लांब आहेत. आरशांसकट जीएलएस 2157 मिलिमीटर रुंद, एक्स7 2218. शेजारी दुसरी गाडी असेल तर मागचं दार पूर्ण उघडणार नाही, आणि मग मधल्या रांगेत 42 इंच असले काय आणि सदतीस असले काय, आजी आत जाणार कशा?

इथे एका तिसऱ्या गाडीचं नाव घेतल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. टोयोटाची वेलफायर. ती एसयूव्ही नाही, व्हॅन आहे. 2023च्या ऑगस्टमध्ये ती सुमारे 1.20 कोटींपासून आली. लांबी पाच मीटरच्या आत, व्हीलबेस 3000, इंजिन अडीच लिटरचं चार सिलिंडरचं हायब्रिड. वरच्या दोघींसमोर ताकदीच्या रकान्यात ती कुठेच नाही. पण तिची जमीन खाली आणि सपाट आहे, दारं सरकती आहेत म्हणून अडीच मीटरच्या पार्किंगमध्येही पूर्ण उघडतात, आणि मधल्या रांगेच्या खुर्च्या पाय वर उचलून झोपण्याइतक्या पसरतात. निव्वळ बसण्याच्या कसोटीवर ती जीएलएसला आणि एक्स7ला, दोघींना हरवते. व्हीलबेस कमी असून हरवते, कारण तिच्या आराखड्यात मागे बसणारा पहिला आला आणि बॉनेट नंतर. मंत्री आणि सिनेनट या गाडीतून फिरताना दिसतात ते उगाच नाही.

मग लोक एसयूव्हीच का घेतात? उंच बॉनेटचा रुबाब. मंगल कार्यालयाच्या दारात वेलफायर थांबली तर लोकांना वाटतं पाहुणे आले; जीएलएस थांबली तर वाटतं यजमान आले. यात हसण्यासारखं काही नाही. रुबाब हीसुद्धा गरज आहे आणि तिला पैसे मोजावे लागतात. फक्त आरामासाठी म्हणून मोजतो आहोत असं स्वतःला सांगू नये.

माझा निकाल असा. ड्रायव्हर ठेवलेला आहे, मधल्या रांगेत आईवडील किंवा स्वतः बसणार, वर्षातून काही वेळा सातजण निघणार : जीएलएस 450डी घ्या. रविवारी ड्रायव्हरला सुट्टी देऊन स्वतः महाबळेश्वरला निघता, घरात चारच माणसं आहेत आणि त्यातल्या एकाला घाट लागतो : एक्स7 40डी. रुबाबाशी देणंघेणं नाही आणि पाठदुखी आहे : वेलफायर.

आणि टेस्ट ड्राइव्हला जाताना एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मधल्या रांगेत बसवा, सर्वांत उंच माणसाला तिसऱ्या, तुम्ही डावीकडे मागे बसा आणि चालवायला तुमचा नेहमीचा ड्रायव्हर घ्या. शोरूमच्या मागच्या गुळगुळीत गल्लीतून नव्हे, तुमच्या रोजच्या खराब रस्त्यावरून अर्धा तास न्या. परत आल्यावर विक्रेत्याशी बोलण्याआधी तिसऱ्या रांगेतून उतरलेल्या माणसाला विचारा.